झांजेखालचा पाय

क्रॅश झांज पडली तेव्हा कोळीगीताचं दुसरं कडवं चालू होतं. स्टँडसकट, समोरच्या कीबोर्डवर. कीबोर्डवाले दादा डाव्या हातानं कॉर्ड धरून उजव्या हातानं झांज सावरत राहिले. पुढच्या रांगेतल्या पोरांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मिरजेजवळच्या एका गावातला गणपतीचा कार्यक्रम होता. रात्री सामान आवरताना झांज उजेडात धरली, तर काठाला बोटभर चीर.

ती १६ इंची झांज मी दोन सीझनच्या बिदागीतून घेतली होती. चांगली काशाची, म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. आजी तळपाय घासायची त्या काशाच्या वाटीची अगदी जवळची नातेवाईक. ठिसूळपणही त्याच घराण्यातलं. आणि स्टँड? तो एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून किरकोळीत उचललेला. पायाला एकेकच पट्टी, वरच्या सांध्यातला नायलॉनचा बुश गायब, त्या जागी कुणीतरी कागदाची घडी कोंबलेली. झांजेला पैसे मोजले आणि ती ज्याच्या जिवावर उभी राहणार त्याला भंगाराचा भाव दिला, याचं माझं मलाच आता हसू येतं.

आमच्या ऑर्केस्ट्रात पूर्वी ड्रम वाजवणारे एक अण्णा आहेत. आता फक्त ऐकायला येतात. त्यांनी पडलेला स्टँड पाहिला आणि एवढंच म्हणाले, "झांज कुठं लावलीस ते नको सांगू. तिच्या खाली पाय आलाय का ते बघ आधी."

पाय आला नव्हता. बूम स्टँडला वर आडवी दांडी असते, ती टॉम ड्रमच्या डोक्यावरून झांज पुढे नेते. ती मी पूर्ण बाहेर ओढली होती, आणि नेमकी दोन पायांच्या मधल्या रिकाम्या बाजूला. लांब दांडीच्या टोकाला किलोभर वजन, त्यावर वरून काठी बसते, खाली मंडपवाल्याच्या फळ्या आणि फळ्यांमधली फट सतरंजीखाली झाकलेली. दांडी ज्या दिशेला, त्याच दिशेला तीनपैकी एक पाय हवा. पाय अति फाकवले तरी पंचाईत, मधली नळी जमिनीला टेकते आणि सगळा डोलारा त्या एका टोकावर डुलायला लागतो. सात वर्षं ड्रम वाजवत होतो, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

मिरज तंतुवाद्यांचं गाव. तंबोऱ्याचा भोपळा इथे डोळे मिटून मिळेल, पण सिंबल स्टँड हाताळून घ्यायचा तर मुंबई गाठावी लागते. धोबी तलावाच्या एका दुकानात मी २० इंची राइड झांज जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन गेलो. विक्रेत्यानं सगळ्यात जाडजूड स्टँड पुढे केले, पायांना दुहेरी पट्ट्यांचे. "लाइफटाइम चलेगा." चालेल हो, पण उचलणार कोण? असे चार स्टँड म्हणजे पंधरा किलोंच्या वर ओझं, आणि आमच्याकडे टेम्पोत चढवणारा मीच, सभागृहाचा जिना चढणाराही मीच. अशा वेळी ऑक्टोपॅडवाल्याचा खरंच हेवा वाटतो. एक बॅग, एक स्टँड, की चालले.

शेवटी दोन्ही क्रॅशसाठी दुहेरी पट्टीचे बूम घेतले, कारण दांडी लांब जाणार तिथे खाली वजन हवंच. राइड बसते खाली आणि अंगाजवळ, तिला एकेरी पट्टीचा सरळ स्टँड पुरला. तिचं तोंड तिरकं करायच्या सांध्याला दाते नसलेला निवडला. दात्यांच्या सांध्यात मला हवा असलेला कोन दरवेळी दोन दात्यांच्या मधेच असतो. छोट्या स्प्लॅश झांजेसाठी स्टँड घेतलाच नाही, एक क्लँप घेतला आणि तिला क्रॅशच्याच नळीवर लटकवली. वजनही वाचलं, पैसेही. दुकानात प्रत्येक स्टँडवर माझीच राइड लावून, दांडी ताणून, सांधा आवळून मी झांज खाली दाबून बघत होतो. विक्रेता कंटाळला, पण चहा मात्र त्यानं पाजला.

परत येऊन जुने स्टँड उलगडले तेव्हा खरी लाज वाटली. झांजेच्या भोकातून जो आट्यांचा दांडा जातो, त्यावर प्लॅस्टिकची नळी असते. एका स्टँडची ती कधीच फाटून गेली होती. लोखंडाचे आटे काशाला करवतीसारखे खात होते आणि दुसऱ्या क्रॅशचं गोल भोक एका बाजूला लांबट झालं होतं. चीर इथूनही सुरू होते. उपाय मिळाला गवंड्याकडे. त्याच्या लेव्हलच्या पारदर्शक नळीचे तुकडे ८ मिलिमीटरच्या दांड्यावर घट्ट बसले. हातभर नळीत सगळ्या झांजा निभावल्या. नायलॉनचा बुश लेथवाल्यानं कातून दिला, आणि फाटलेल्या झांजेच्या चिरीच्या टोकाला बारीक भोकही पाडून दिलं, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. सहसा.

वरचा विंग नट मी आता सैलच ठेवतो. नवी पोरं तो पक्कड लावून आवळतात, आणि झांज ठण्ण करून गप्प होते. तिला झुलू द्यायला हवं. झुलता आलं नाही की काठीचा सगळा मार ती अंगावर घेते.

यंदाच्या पहिल्या कार्यक्रमाला मी सतरंजी उचलून फटी कुठे आहेत ते पाहिलं, प्रत्येक दांडीखाली पाय आणला, दादांना बोलावून हलवूनही दाखवलं. त्यांनी मान डोलावली, "झकास" म्हणाले, आणि कीबोर्ड दोन फूट पलीकडे सरकवला.