‘येथे’ या शब्दाचा अर्थ

माळावर एखादा घडीव दगड सापडला, की आपण सहज म्हणून जातो, ‘येथे अश्मयुगात माणूस राहत होता.’ वाचकहो, या वाक्यातील ‘येथे’ हा शब्द मला नेहमी अडवतो. भाषांतर हा माझा व्यवसाय; आपल्या वाक्यातून निसटलेल्या शब्दाचा अर्थ लावण्यातील धोका आम्हांस चांगलाच परिचयाचा आहे.

दगड फार टिकतो, खरी अडचण हीच. लाकूड कुजते, हाडे झिजतात. दगड मात्र लाखो वर्षे उघड्यावर पडून राहतो, आणि तेवढा काळ जमीन काही स्वस्थ बसत नाही. उतारावरचे पाणी लहान छिलके वाहून नेते, जड हातकुऱ्हाडी मागे राहतात. पाहणाऱ्याला वाटावे, हत्यारे घडवली दुसरीकडे आणि वापरली येथे! वारा-पाऊस बारीक माती काढून नेतात, तेव्हा निरनिराळ्या थरांतील हत्यारे खाली उतरून एकाच पृष्ठभागावर शेजारी होतात. त्यांच्यामध्ये हजारो पिढ्यांचे अंतर असेल, याची खूण उरत नाही. काळी जमीन तर उन्हाळ्यात भेगाळून वरचे दगड पोटात घेते आणि पावसाळ्यात फुगून खालचे वर ढकलते. नांगर व वाळवी यांची उलथापालथ निराळीच. गुरांच्या खुराखाली छिलक्याची कड तुटली, तर ती मुद्दाम घडवल्यासारखी दिसू लागते.

मग ‘येथे’ असे म्हणावे तरी केव्हा? चेन्नईच्या वायव्येस सुमारे ६० किलोमीटरवर, कोर्तलैयार नदीच्या खोऱ्यात, अत्तिरमपाक्कम आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला १८६३ च्या मे महिन्यात पल्लावरम येथे हातकुऱ्हाड मिळाली. त्याच वर्षी विल्यम किंग यांच्यासमवेत ते या स्थळी पोहोचले. धुपीने पडलेल्या घळींत हत्यारे विखुरलेली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन केलेल्या शांती पप्पू यांनी १९९९ पासून तेथे उत्खनन केले, तेव्हा खोलवर पूरमैदानातील बारीक गाळाचा थर लागला व त्यातही हत्यारे निघाली. असा गाळ संथ पाण्यातच बसतो, आणि संथ पाणी हातकुऱ्हाडीएवढा दगड वाहून आणू शकत नाही. तो कोणाच्या तरी हातांनीच आला. येथे ‘येथे’ म्हणावयास हरकत नाही! ‘माणूस’ मात्र जपून म्हणावे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले त्या थराचे सरासरी वय सुमारे १५ लाख वर्षे आहे, आणि आपली मानवजात तेव्हा अवतरावयाची होती.

हे वय काढण्याची रीतही मौजेची आहे. दगड उघड्यावर असताना वैश्विक किरण त्यात काही किरणोत्सारी अणू निर्माण करतात. तो गाडला गेला, की ते ठराविक गतीने घटू लागतात.

प्रवरेच्या काठी नेवासे येथील गोष्ट वेगळी. तेथे हत्यारे मिळाली ती नदीने आणलेल्या गोट्यांच्या थरात. तेथे प्रथम नदीचीच साक्ष काढावी लागते. झिजलेल्या कडा दूरचा प्रवास सांगतात, तीक्ष्ण कडा जवळचा.

माझ्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात एक सुरेख हातकुऱ्हाड ठेवलेली आहे. कोठे मिळाली, असे विचारता, ‘प्रवासात, कुठल्याशा नदीकाठी,’ असे उत्तर आले. तिला माती कसली चिकटली होती, हेही मी विचारून पाहिले. ती त्यांनी मोठ्या आस्थेने साबण लावून धुऊन टाकली होती.