पाठीवर वारा

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या आम्हा मंडळींत ‘कापशी हॉवर करतेय’ असंच म्हणतात. ‘घिरट्या घालणे’ इथे चालत नाही. घिरट्या घालते ती घार, तापून वर चढणाऱ्या हवेवर पंख पसरून, फारशी फडफड न करता. कापशी एकाच जागी टांगल्यासारखी राहते. पंख सतत चालू, शेपूट पसरलेली, लाल डोळे गवतावर. उंदीर किंवा टोळ हलला की पंख वर धरून, पाय सोडून टप्प्याटप्प्यानं खाली येते.

नवख्याला वाटतं, पक्षी थांबलाय. खरं तर समोरून वारा ज्या वेगानं येतो, साधारण त्याच वेगानं तो पुढे उडत असतो. म्हणून कॅमेरा काढण्याआधी वारा बघायचा. पावसाळा सरला की रत्नागिरीत हे सोपं: सकाळी जमिनीवरून मतलई, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा. चोच वाऱ्याकडे, म्हणजे सकाळी साधारण पूर्वेला, दुपारी पश्चिमेला. आणि ऊनही नेमकं त्याच बाजूनं, थेट चेहऱ्यावर! पूर्व किनाऱ्यावरच्या फोटोग्राफरला दुपारी हे भाग्य नाही; तिकडे खारा वारा पूर्वेकडून येतो आणि सूर्य पश्चिमेला कललेला.

हिवाळी पाहुणी खरुचीही वाऱ्याच्याच आधारानं तरंगते. तिचं जुनं इंग्रजी नावच विंडहॉवर. भाट्याच्या खाडीवरचा कवड्या खंड्या मात्र वारा पडलेला असतानाही हवेत उभा राहतो, चोच सरळ खाली पाण्याकडे. कष्टाचं काम. त्याला टिपायला मी अजून घाबरतो, कारण सूर कधी मारेल ते सांगता येत नाही.

शटरचा वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवला की पीस न् पीस मोजता येतं. लोकांना असे फोटो आवडतात; मला त्यांत भुसा भरलेला पक्षी दिसतो. मी अडीचशेव्या भागापर्यंत उतरतो. बहुतेक फ्रेम वाया जातात. पण पंख धूसर होतात आणि डोकं तेवढं धारदार राहतं, कारण धड हललं तरी हे पक्षी डोकं जागचं हलू देत नाहीत. नजर ढळली तर शिकार गेली.

रत्नागिरीतल्या चंपक मैदानावर जाणार असाल तर दुपारी चारनंतर जा, समुद्राकडे पाठ करून बसा आणि गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा. सड्यावरच्या गवतात टिटवीची अंडी असू शकतात.