जॉन्जूचे पहाटेचे मैदान

आमच्या करवीर तालुक्यात पहाटे साडेपाचला माणूस उठतो तो एक तर धार काढायला, नाही तर उसाला पाणी पाजायला. दक्षिण कोरियातल्या जॉन्जू शहरात मी मात्र साडेपाचला उठून फुटबॉलचे बूट पिशवीत भरू लागलो, तेव्हा माझे मलाच हसू आले. वय एकोणचाळीस, घरी बायको-मुलगी आणि डाव्या गुडघ्यात सोळा वर्षांचे दुखणे. पण त्या बुटांनी मला परक्या मुलखात माणसे मिळवून दिली. ती हकीकत आज सांगतो.

भातावरच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी २०२३ च्या मार्चमध्ये मी जॉन्जूला गेलो. राजधानी सोलच्या दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर हे शहर आहे. कोरियाचा बराचसा मुलूख डोंगराळ. पण जॉन्जूच्या पश्चिमेला गिम्जेच्या बाजूला सपाट भातशेती इतकी दूरवर पसरली आहे, की आभाळ जमिनीला टेकलेले दिसते. त्या देशात असे दृश्य दुर्मीळ, म्हणून गिम्जेचे लोक क्षितिजाचाच उत्सव भरवतात! तिथेच ब्यॉक्गोल्जे नावाच्या फार जुन्या तलावाचा बांध आहे. जुन्या ग्रंथाप्रमाणे तो इसवी सन ३३० मध्ये बांधला गेला. म्हणजे पाटाच्या पाण्याची विद्या तिथेही आपल्यासारखीच मुरलेली.

मुलूख चांगला, काम चांगले. पण बोलायला माणूस नव्हते. भाषा येत नव्हती. दुकानात गेलो तर पैसे घेणारे यंत्र काय ते बोलायचे. रविवार तर खायला उठायचा. खिडकीशी बसून घरचा फोन कधी येतो याची वाट पाहायची, एवढाच उद्योग.

मे महिन्यात एकदा केस कापायला गेलो. न्हाव्याच्या दुकानात खुंटीवर एक हिरवा सदरा टांगलेला होता, पाठीवर आकडा होता. खाली फुटबॉलचे बूट, त्यांना चिखल लागलेला. मी सदऱ्याकडे बोट दाखवले, मग स्वतःच्या छातीकडे. न्हाव्याने कात्री थांबवली. आरशातून माझ्याकडे नीट पाहिले आणि कागदाच्या कपट्यावर लिहून दिले: रविवार, ६.

आता थोडे मागचे सांगायला हवे. कोल्हापूर कुस्तीचे म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथल्या पेठांमधल्या तालमींचे फुटबॉल संघही आहेत. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला, की गावोगावची पोरे मोटारसायकली काढतात. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याच वेडातला मी एक. जून २००२ मध्ये कोरियाने इटलीला हरवले तो सामना आमच्याकडे संध्याकाळी पाच वाजता दूरचित्रवाणीवर लागला होता. पेरणीचे दिवस असूनही आम्ही दहा-बारा पोरे एका सोप्यात दाटीवाटीने बसलो होतो. त्या वर्षी कोरिया जगात चौथा आला. जपानबरोबर मिळून स्पर्धा भरवली होती त्यांनीच आणि काही सामने याच जॉन्जूत झाले होते. त्या गावात आपण कधी राहू, असे तेव्हा कुणी सांगितले असते तर मी वेड्यात काढले असते.

पुढे २००७ साली एका सामन्यात माझा गुडघा पिरगळला. ऐन तोडणीचा हंगाम. ऊस फडात उभा, टोळी येऊन राहिलेली आणि मी खाटेवर. तो सगळा हंगाम आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकट्याने ओढला. मला त्यांनी एका शब्दाने बोलून दाखवले नाही. फक्त माझे बूट उचलले आणि माळ्यावर ठेवले. मीही ते पुन्हा काढले नाहीत. त्या गोष्टीवर आम्ही बापलेक कधी बोललो नाही.

तर, तो रविवार. एका शाळेचे मैदान, त्यावर प्लॅस्टिकची हिरवळ. वीस-पंचवीस माणसे जमलेली. कुणी टॅक्सीवाला, कुणी शिक्षक, कुणी खाटीक. कोरियात पहाटेच्या या खेळाला 'जोगी चुक्कू' म्हणतात. 'चुक्कू' म्हणजे फुटबॉल आणि 'जोगी' म्हणजे पहाटे लवकर उठणे. आपल्याकडे पहाटे दारात येणारा जोगी झोळी घेऊन येतो, त्यांचा जोगी चेंडू घेऊन येतो, एवढाच फरक! अशी मंडळे त्या देशात गावोगाव आहेत. महिन्याची वर्गणी असते आणि उशिरा येणाऱ्याला आमच्या मंडळात दंडही होता. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे चार डाव. वयस्क मंडळींना पहिला डाव, म्हणजे ऊन चढायच्या आत त्यांचे खेळून होते.

मला पहिला प्रश्न नावाचा नव्हता, जन्मसालाचा होता. मी बोटाने हवेत १९८४ लिहिले. लगेच सगळ्यांचा हिशेब झाला. तिथे वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. पुरुष आपल्यापेक्षा मोठ्याला 'ह्यंग' म्हणतात, म्हणजे आपला दादा. न्हावी माझा ह्यंग झाला. आणि दोन तरुण पोरे पुढे येऊन मान लववून मलाच 'ह्यंग' म्हणाली. दोन महिने मला कुणी काहीच म्हणत नव्हते. त्या सकाळी मी एकदम कुणाचा धाकटा आणि कुणाचा थोरला झालो. घसा दाटून आला, तो मी बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने लपवला.

खेळ मात्र फजितीचा झाला. जुनी खुमखुमी, सुरुवातीलाच चेंडूमागे सुसाट धावलो. दहा मिनिटांत दम लागला, गुडघा ठणकला आणि मी मटकन खाली बसलो. मला हात देऊन उठवले ते मंडळातल्या सर्वांत थोरल्या ह्यंगने. वय त्रेसष्ट, गिम्जेकडचा भातशेतकरी. पाय बारीक, पोटऱ्या दोरखंडासारख्या. त्याने मला आपल्याशेजारी, मागच्या फळीत उभे केले आणि हातांनी समजावले: तू धावू नकोस, चेंडू कुठे येणार ते बघ आणि तिथे आधी जाऊन थांब. पाटाचे पाणी कुठे फुटणार हे जाणता शेतकरी आधी ओळखतो आणि तिथेच फावडे घेऊन उभा राहतो, तसेच हे.

खेळ संपल्यावर सगळे एकमेकांना एक शब्द म्हणतात, त्याचा अर्थ 'कष्ट घेतलेत'. मग न्याहारी. जॉन्जूची न्याहारी म्हणजे मोड आलेल्या सोयाबीनचे कढण घातलेला गरम भात. आपण सोयाबीन पिकवतो आणि गाडी भरून बाजारात घालतो. तिथे त्याचे बोटभर लांब मोड काढून रोज खातात. कोल्हापुरी माणसाला तिखट जरा कमी वाटेल, पण थंडीत अंगात ऊब येते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात थोरला ह्यंग रविवारी आला नाही. लावणी होती. त्याचा मुलगा सोलला नोकरीला. गावात उरलेली माणसे सगळी म्हातारी. कोरियात शेतकरी कुटुंबांतली निम्म्याहून जास्त माणसे आता पासष्टीच्या पुढची आहेत. मंडळातले आठजण पुढच्या शनिवारी त्याच्या शेतावर गेलो. लावणी यंत्रानेच होते. पण रोपांचे तबक गाडीतून उतरवून बांधावरून यंत्रापर्यंत पोचवायला माणसे लागतात. टॅक्सीवाला आणि शिक्षक बांधावरून चारदा घसरले. मी पॅन्ट गुडघ्यावर गुंडाळली आणि दोन्ही हातांत तबके घेऊन चालू लागलो. यंत्र वळताना कोपऱ्यात रिकामी जागा राहते, तिथे वाकून हाताने रोपे लावली. थोरला ह्यंग बांधावर उभा राहून पाहत होता. माझ्या ओळी बघून त्याने न्हाव्याला काहीतरी सांगितले. न्हाव्याने फोनवर भाषांतर करून मला दाखवले: "हा शेतकऱ्याचा मुलगा आहे."

मैदानावर जे मला धावून दाखवता आले नव्हते, ते तिथे वाकून दाखवता आले. त्यानंतर पहिल्या डावात त्याच्याशेजारची जागा माझीच ठरली.

आपल्याकडे तिशी उलटली, लग्न झाले, की माणसाचा खेळ सुटतो. खेळणे म्हणजे कामातून चोरलेला वेळ, असे आपण धरून चालतो. मीही तेच धरले होते. पण तो त्रेसष्ट वर्षांचा माणूस भाताचे एक पाणी चुकवत नव्हता आणि रविवारचा डावही चुकवत नव्हता. लावणीला मदत आली ती याच मैदानावरून.

ऑगस्टमध्ये माझ्या मुलीने माझा हिरव्या सदऱ्यातला फोटो आबांना दाखवला. त्या रात्री फोनवर आई म्हणाली, "माळ्यावरचं बूट उंदरांनी खाल्लं बघ. परवा ह्यांनी खाली काढलं हुतं." मग फोन आबांनी घेतला.

"गुडघा कसा हाय?"

"बरा हाय, आबा. पट्टी बांधतो."

"आणि त्यो म्हातारा? अजून खेळतो म्हनं?"

"पहिल्या डावात असतोय."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "त्येच्या भाताला फुटवं किती हायत?"

मी मोजले नव्हते. पुढच्या रविवारी खेळ झाल्यावर थोरल्या ह्यंगबरोबर त्याच्या शेतावर गेलो, चार ठिकाणी खाली बसून फुटवे मोजले आणि आबांना कळवले.