पायाचा प्रश्न

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर एक निवृत्त मराठी गणितशिक्षक मुलाकडे राहतात. दोड्डकन्नेल्लीला विप्रोचे मुख्यालय असलेल्या या रस्त्यावर, मुलासारखीच असंख्य माणसे संगणकाच्या आज्ञावल्या लिहून संसार चालवतात. सकाळी फिरताना मास्तर एखाद्या नव्या इमारतीच्या खोदकामापाशी थांबतात. पाया पक्का असला की वरचे सारे निभावते, असे ते वर्गात नेहमी सांगत. त्यांचा पाया युक्लिडचा होता : मोजकी गृहीतके आणि त्यांतून निघणारी प्रमेये.

एका संध्याकाळी नातीने विचारले, "आजोबा, गृहीतकं कोण सिद्ध करतं?"

मास्तर गप्प झाले. समांतर रेषांच्या गृहीतकाविषयी हाच प्रश्न फार पूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारला होता. "दिलंय तेवढं मान आणि खाली बस," असे म्हणून त्यांनी तो मिटवला होता. त्या मुलाने पुन्हा कधी हात वर केला नाही.

वास्तविक तो प्रश्न थोरामोठ्यांचा होता. तेच गृहीतक सिद्ध करण्यात गणितज्ञांनी दोन हजार वर्षे घालवली. अखेर एकोणिसाव्या शतकात बोल्याई आणि लोबाचेव्हस्की यांनी ते नाकारून निराळीच भूमिती उभारली. गणिताचा पाया निःशंक करावा, ही पुढे हिल्बर्टची आकांक्षा होती. १९३१ साली गोडेलने दाखवले की, अंकगणित सामावणाऱ्या कोणत्याही सुसंगत गृहीतकव्यवस्थेत, त्या व्यवस्थेला सिद्ध न करता येणारी सत्य विधाने उरतातच. एखादे विधान सिद्ध होऊ शकते की नाही, हे दर वेळी ठरवून देणारी यांत्रिक रीत आहे काय, हा हिल्बर्टचाच प्रश्न. १९३६ साली ट्युरिंगने त्याचे उत्तर 'नाही' असे दिले. पण ते देण्यासाठी त्याला एक काल्पनिक यंत्र रचावे लागले. आजच्या संगणकाची मूळ कल्पना त्या यंत्रात आहे. सर्जापूर रोडवरच्या संसारांचे मूळ असे एका नकारात सापडते.

"कुणीच नाही," मास्तर नातीला म्हणाले. "ती आपण निवडतो. मग त्यांच्याशी इमान राखायचं. आणि ती का निवडली, हे कुणीही विचारावं."

रात्री त्या मुलाचे नाव आठवण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. बाक आठवला, खिडकी आठवली, वर झालेला हात आठवला. नाव आठवले नाही.