मदिनत खलीफातला शुक्रवार

'मदिनत' म्हणजे शहर. पण मदिनत खलीफा हे शहरबिहर काही नाही, दोहाचंच एक उपनगर. वेस्ट बेचे काचेचे मनोरे इथून फार लांब नाहीत, तरी इथे उंच असं काही दिसत नाही. मातकट रंगाच्या कंपाउंडच्या भिंती, त्यांच्याआड दुमजली व्हिला, थोड्या थोड्या अंतरावर मशीद, कोपऱ्यावर लाँड्री आणि करक चहाचं दुकान. जवळच दहल अल हमाम नावाची बाग आहे. दहल म्हणजे चुनखडीच्या खडकात पाण्याने झिजून तयार झालेली खोल कपार. हमाम म्हणजे पारवे. नाव कसं अगदी आपल्या गावाकडचं वाटतं!

इथे मराठीत लिहिणाऱ्याची मात्र पंचाईत असते. ऑफिसात इंग्रजी, दुकानात हिंदी, आणि मुलं घरीसुद्धा निम्मं इंग्रजीच बोलतात. कथा सुरू होते, दोन पानं होतात, मग मनात येतं, हे वाचणार कोण? आणि वही कपाटात जाते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रजेवर असताना मी दिल्लीच्या ९८व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला गेलो होतो. तालकटोरा स्टेडियममध्ये गर्दी होती. अध्यक्ष होत्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर. भाषणं चांगली झाली, पण माझी वही उघडली ती पुस्तकांच्या स्टॉलवर भेटलेल्या बेळगावच्या एका शिक्षिकेमुळे. त्या रात्री घरातलं सगळं आवरल्यावर लिहायला बसतात. दोन मिनिटांची ओळख, आणि त्यांनी सहज विचारलं, "सध्या काय लिहिताय?" इतक्या वर्षांत दोहात मला हे कोणी विचारलंच नव्हतं!

खरं तर संमेलनाचं मूळ हेच. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात जे पहिलं भरलं, ते होतं 'ग्रंथकार संमेलन'. लिहिणाऱ्यांनी एकमेकांना भेटावं, ही कल्पना. आपल्या आखातातही २०१० साली दुबईला विश्व साहित्य संमेलन झालं, मंगेश पाडगावकर अध्यक्ष होते. पण असे योग रोज थोडेच येतात?

म्हणून परत आल्यावर आम्ही पाच जणांनी महिन्यातला एक शुक्रवार ठरवला. थंडीत बागेत, उन्हाळ्यात कुणाच्या तरी हॉलमध्ये एसी लावून. नियम एकच: प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं. कांदेपोहे ऐच्छिक!

१८८५ च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं होतं, कारण शूद्रातिशूद्रांना तिथे स्थान नव्हतं. ते आठवून आम्ही इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पमध्ये राहणाऱ्या एका वेल्डरभाऊंना गाडीने घेऊन येतो. ते मोबाइलवर लिहितात. ऐन ऑगस्टातल्या कामावरचं त्यांचं पान ऐकून वहिनींच्या हातातला चहा निवून गेला.

हे सगळं आपण लिहिलं नाही, तर मराठीत दुसरं कोण लिहिणार? तेव्हा मंडळी, तुमच्या गावात असा एखादा लिहिणारा असेलच. त्याला जेवायला बोलवा, आणि आमटी वाढता वाढता विचारा, "काय हो, सध्या काय लिहिताय?"