जामीनदाराची सही

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत एक तरुण सहकारी पतसंस्थेचा कर्जाचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. "सर, जामीनदार म्हणून तुमची एक सही पाहिजे होती." मी खिशातून पेन काढला आणि सही करण्याआधी फॉर्मची सगळी पानं वाचायला लागलो. तो ओशाळला. माझा त्याच्यावर भरवसा नाही असं त्याला वाटलं असावं. मग मी त्याला बसवून एक गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत शिक्षक पतसंस्थेचा सभासद असतो, वनमजूर जंगल कामगार संस्थेचा, धान विकणारा शेतकरी आदिवासी विविध कार्यकारी संस्थेचा, मामा तलावावरचा ढिवर मच्छीमार संस्थेचा. सभासद सगळेच आहेत. पण संस्थेशी वाद झाला तर कुठे जायचं, हे वेळ आल्याशिवाय कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी मी अशीच एक सही केली होती, न वाचता. माझे सहकारी गणित शिकवायचे. वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात त्यांचं गाव. रमजानमध्ये मी रोज्याने असायचो तेव्हा माझा शेवटचा तास ते न सांगता घ्यायचे. त्यांनी घरासाठी सहा लाखांचं कर्ज काढलं. दोन जामीनदार लागत होते, एक मी आणि एक दुसऱ्या शाळेतले गुरुजी. चार वर्षं हप्ते पगारातून जात राहिले. मग एका पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत.

पाचव्या महिन्यात माझ्या नावाने एक लिफाफा आला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम १०१ प्रमाणे पतसंस्थेने वसुली दाखल्यासाठी अर्ज केला होता. वहिनी, मी आणि दुसरे गुरुजी, तिघांची नावं. मागणी ३ लाख ८४ हजारांची. खाली सहायक निबंधकांपुढच्या सुनावणीची तारीख.

घरी बायको म्हणाली, "कर्ज आपण घेतलं नाही, मग आपण का भरायचं?" तेव्हा मलाही तेच वाटत होतं. पण करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, वेगळं काही ठरलं नसेल तर. आधी कर्जदाराकडे जा, नाही मिळालं तर माझ्याकडे या, असं म्हणायची सोय नाही.

मी आधी चुकीच्या दारांवर गेलो. दिवाणी कोर्टातल्या ओळखीच्या वकिलांना म्हटलं, स्थगिती आणा. ते म्हणाले, सहकारी संस्था आणि सभासद यांच्यातले असे वाद दिवाणी न्यायालयाने ऐकायचे नाहीत, कलम १६३ ची आडकाठी आहे. मग मशिदीतले एक बुजुर्ग म्हणाले, कोर्ट-कचेरी कशाला, अध्यक्षांना भेटू, सुलह करू. आम्ही गेलो. चहा झाला. अध्यक्ष म्हणाले, "होऊन जाईल सर, काळजी करू नका." मी निश्चिंत होऊन परत आलो. सुलह करणं चांगलंच. पण कागदावरची तारीख त्या चहाने पुढे गेली नव्हती. सुनावणीला आठ दिवस उरले होते आणि माझं लेखी म्हणणं तयार नव्हतं.

शेवटी सहकार खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मला समोर बसवून दारं मोजून दाखवली. ती जशी समजली तशी सांगतो.

पहिलं दार निबंधकाचं. पतसंस्थांच्या थकबाकीसाठी कलम १०१ आहे. इथे साक्षीपुरावे लांबत नाहीत, कागद पाहून दाखला निघतो. एकदा निघाला की त्यातली रक्कम हा थकबाकीचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्याविरुद्ध दोन महिन्यांत पुनरीक्षण अर्ज करता येतो, आमच्याकडच्या लोकांना नागपूरला विभागीय सहनिबंधकांकडे. पण कलम १५४ प्रमाणे आधी वसूल करायच्या रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. त्यापुढे उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ.

दुसरं दार सहकार न्यायालयाचं, कलम ९१. संस्थेचा कारभार, सर्वसाधारण सभा, व्यवस्थापन, व्यवहार यांतून सभासद, माजी सभासद, मयत सभासदाचे वारस, जामीनदार यांचा संस्थेशी वाद असेल तर इथे दावा होतो. इथे पुरावा होतो, साक्ष होते आणि निवाड्यावर सहकार अपील न्यायालयात अपील होतं. संस्थेच्या कर्मचाऱ्याचा नोकरीचा वाद मात्र इथे चालत नाही.

तिसरं दार ग्राहक आयोगाचं, संस्थेच्या सेवेत त्रुटी असेल तर. तामिळनाडूत थिरुमुरुगन सहकारी कृषी पतसंस्थेत सभासदांनी धानाची पोती गहाण ठेवून कर्ज घेतलं होतं. पोत्यांवरून वाद झाला आणि ते ग्राहक मंचात गेले. संस्था म्हणाली, सहकार कायदा असताना तुम्हाला इथे येताच येत नाही. डिसेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, येता येतं, ग्राहक कायद्याचा उपाय हा जास्तीचा उपाय आहे. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यातही कलम १०० मध्ये ते तत्त्व कायम आहे. धानाच्या आमच्या मुलुखाने हा निकाल लक्षात ठेवावा असा आहे.

आणि या सगळ्याआधी संस्थेची नोंदणी कुठली आहे ते पाहावं. बहुराज्यीय संस्था असेल तर तिला २००२ चा केंद्राचा कायदा लागू होतो, तिथे वाद लवादाकडे जातो.

"तुमच्यासाठी आज पहिलंच दार," ते म्हणाले. "सुनावणीला गप्प बसलात तर पुढचं प्रत्येक दार महाग होत जाईल."

मी संस्थेकडे लेखी अर्ज केला. कलम ३२ प्रमाणे सभासदाला त्याच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. माझ्या हमीपत्राची प्रत मागितली. मग रविवारी बसने मूल, सावली करत नदी ओलांडून वहिनींकडे गेलो. त्यांनी सरांची पिशवी पुढे ठेवली. त्यात पासबुकं होती. शेअर्स आणि दरमहाची सक्तीची ठेव मिळून ९२ हजार रुपये सरांच्या नावाने त्याच संस्थेत जमा होते. वहिनी ते मागायला दोनदा गेल्या होत्या, "नंतर बघू" म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. आणि इकडे आमच्याकडे मागणी पूर्ण रकमेची! कर्जाचं खातं एका वहीत, ठेवीचं दुसऱ्या वहीत, दोन्ही वह्या एकत्र कोणी ठेवल्या नाहीत. कलम ४६ मध्ये अशी रक्कम कर्जात वळती करून घेण्याची तरतूद संस्थेसाठीच केलेली आहे.

सुनावणीत मी दीड पानाचं म्हणणं आणि पासबुकांच्या झेरॉक्स दिल्या. कर्ज नाकारलं नाही, हिशोब मागितला. संस्थेच्या प्रतिनिधीने पुढच्या तारखेला ९२ हजारांची वजावट मान्य केली. दाखला निघालाच, पण २ लाख ९२ हजारांचा. दुसऱ्या गुरुजींनी आणि मी अर्धे-अर्धे वाटून घेतले, प्रत्येकी १ लाख ४६ हजार. संस्थेने हप्ते बांधून दिले. त्या अडीच वर्षांत घरात नवीन काही आलं नाही. बायकोने पुन्हा तो विषय काढला नाही, आणि तिचं ते गप्प राहणं मला हप्त्यापेक्षा जड गेलं.

त्या गृहस्थांनी आणखी एक दार दाखवलं होतं. जामीनदाराने कर्ज फेडलं की ती रक्कम त्याला मूळ कर्जदाराकडून, म्हणजे आता सरांच्या मालमत्तेतून मागता येते, करार कायद्याचं कलम १४५. मालमत्ता म्हणजे तेच घर, ज्यात वहिनी दोन मुलांना घेऊन राहतात. हक्क माझा होता, आणि पैसे माझ्या मुलांच्या तोंडचे होते, हे मी लपवत नाही. महिनाभर मी त्याचा विचार केला. सूरह बकरहमध्ये कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या असा हुकूम आहे, आणि त्यानंतर एकच आयत सोडून कुराणातली सर्वात लांब आयत येते. तीही कर्जाबद्दलच आहे, लिहून ठेवा, साक्षीदार घ्या. लहानपणी मदरशात ती पाठ करताना मला कंटाळा यायचा. आता वाटतं, सवड आणि लिखापढी शेजारी शेजारी आहेत ते उगाच नाही.

मी ते दार वाजवलं नाही. वहिनींना तसं सांगितलं तर त्या रागावल्या. "भाऊजी, उपकार नको. लिहा." मुलीच्या वहीत त्यांनीच रक्कम लिहिली, सही केली, मुलीची साक्ष घेतली. सरांच्या सेवेचे पैसे मिळाले तेव्हा त्यांनी तीस हजार आणून दिले आणि वहीत नोंद करायला लावली. बाकी अजून आहे. मी मागत नाही, त्या विसरत नाहीत.

तरुण सहकाऱ्याने हे सगळं ऐकून फॉर्म परत घ्यायला हात पुढे केला. "राहू द्या सर, तुम्हाला त्रास नको." मी म्हटलं, थांब. तुझा हप्ता किती, शेअर्स किती, घरच्यांना या कर्जाचं माहीत आहे का, विमा आहे का, दुसरा जामीनदार कोण? त्याने एकेक सांगितलं. विम्याचं त्याला माहीत नव्हतं, तो विचारून आला. दुसऱ्या दिवशी मी सही केली आणि त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं, भरलेल्या सगळ्या पानांची एक झेरॉक्स माझ्यासाठी आणि एक त्याच्या बायकोसाठी काढून आणायला.