यादींतलें एक नांव

गोल्फ हा खेळ आपल्याकडे थोड्यांनीं पाहिला असेल, आणि खेळला असेल तो त्याहूनही थोड्यांनीं. क्रिकेटप्रमाणें त्याला गल्लींत जागा मिळत नाहीं. त्याला अफाट पसरलेलें हिरवें मैदान लागतें, आणि अशा मैदानाच्या फाटकाशीं बहुधा पहारेकरी उभा असतो. तरी त्याचा मुख्य नियम लहान मुलासही समजेल इतका सोपा आहे. अठरा होल असतात, प्रत्येकांत चेंडू घालावयाचा, आणि ज्याला सर्वांत कमी फटके लागले तो जिंकला. प्रत्येक होलास किती फटके लागावेत याचा एक ठराव असतो. त्यास पार म्हणतात. मोठ्या स्पर्धा चार दिवस चालतात. दोन दिवसांनंतर मागें पडलेल्यांची पाठवणी होते, यास कट म्हणतात. उरलेले शनिवारीं व रविवारीं खेळतात. प्रतिस्पर्धी आपणांकडे चेंडू टाकीत नाहीं, आणि सोबती चुकला अशी सबबही सांगतां येत नाहीं. चेंडू निश्चल पडलेला असतो. जें कांहीं बरेंवाईट घडावयाचें तें आपल्याच हातून घडतें.

या खेळाशीं माझा संबंध केवळ कागदावरचा आहे. गेलीं कांहीं वर्षें आम्ही चार-पांच शिक्षक मिळून 'फँटसी गोल्फ' खेळतों. त्यास मराठींत मनोराज्यांतला गोल्फ म्हटलें तर शोभेल. खऱ्या खेळाडूंची निवड आपण करावयाची, आणि त्यांनीं खऱ्या मैदानावर जें बक्षीस मिळविलें त्याचा आंकडा आपल्या खात्यावर मांडावयाचा. अमेरिकेंत याचा एक प्रकार असा आहे कीं, प्रत्येक खेळाडूस किंमत लावलेली असते, आणि पन्नास हजारांच्या काल्पनिक थैलींत सहा खेळाडू बसवावयाचे असतात. आमची रीत निराळी. प्रत्येक स्पर्धेस एकच नांव द्यावयाचें, आणि एकदां दिलेलें नांव त्या वर्षीं पुन्हां द्यावयाचें नाहीं. पैशाचा त्यांत संबंध नाहीं; वर्षाअखेर जो तळाला राहील त्यानें सर्वांस चहा पाजावा, इतकेंच. पैसे लावून असले खेळ खेळण्याविरुद्ध आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें कायदा केला, त्याचें मला मुळींच वाईट वाटलें नाहीं. आमचा चहा त्या कायद्याच्या कक्षेंत येत नसावा.

या रीतीमुळें 'चांगला कोण?' हा प्रश्न दुय्यम ठरतो, आणि 'कोणास केव्हां खर्चावें?' हा खरा प्रश्न होऊन बसतो. मला दर वर्षीं याबाबतींत सर्वांत अधिक विचार करावयास लावणारें नांव एकच आहे. तें जॉर्डन स्पीथ याचें.

स्पीथ २७ जुलै १९९३ रोजीं अमेरिकेंतील डॅलस शहरीं जन्मला. त्याचें हायस्कूलचें शिक्षण तेथील जेझुइट शाळेंत झालें, हें या मासिकाच्या वाचकांस मुद्दाम सांगावेंसें वाटतें. अमेरिकेची कुमारांची अजिंक्यस्पर्धा त्यानें २००९ व २०११ सालीं जिंकली. टायगर वुड्सनंतर ती दोनदां जिंकणारा तोच पहिला. टेक्सस विद्यापीठांतील शिक्षण अर्धवट सोडून २०१२ च्या अखेरीस तो धंदेवाईक खेळाडू झाला, तेव्हां मोठ्या स्पर्धांत हक्कानें शिरण्याइतकाही दर्जा त्याला नव्हता. पुढल्याच जुलैंत जॉन डीयर स्पर्धेच्या शेवटच्या होलवर त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यांत पडला. तेथूनच त्यानें तो थेट होलांत घातला, बरोबरी साधली, आणि मग पांच जादा होल खेळून स्पर्धा जिंकली. त्याला विसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. १९३१ नंतर इतक्या कोवळ्या वयांत तेथील कोणीही असा विजय मिळविला नव्हता.

२०१५ हें वर्ष तर त्याचेंच होतें. ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा त्यानें २७० फटक्यांत जिंकून वुड्सच्या १९९७ मधील विक्रमाशीं बरोबरी केली; जूनमध्यें यू. एस. ओपन जिंकली, ऑगस्टमध्यें तो जगांत पहिल्या क्रमांकावर चढला. वय अवघें बावीस.

आतां उतरण. ऑगस्टाच्या मैदानांतील अकरावा, बारावा व तेरावा या होलांच्या भागास १९५८ सालीं एका लेखकानें 'आमेन कॉर्नर' असें नांव दिलें. आपण प्रार्थनेच्या शेवटीं 'आमेन' म्हणतों. तेथें मात्र पुष्कळांच्या आशेच्या शेवटीं तें म्हणावें लागतें. १० एप्रिल २०१६ रोजीं स्पीथ अर्धी फेरी संपवून वळला तेव्हां इतरांच्या पांच फटके पुढें होता. दहाव्या व अकराव्या होलवर एकेक फटका जादा गेला. बारावा होल दीडशें यार्डांहून किंचित् लांब आहे, हिरवळीच्या पुढें ओढा आहे, आणि पार तीनांचा आहे. पहिला चेंडू काठावरून घरंगळत पाण्यांत गेला. नियमाप्रमाणें दुसरा ठेवला, तोही पाण्यांत. नंतरचा मागच्या वाळूंत. एकूण सात फटके. स्पर्धा डॅनी विलेटनें जिंकली. परंतु मला जी गोष्ट सर्वांत कठीण वाटते ती याहून पुढची आहे. मागील वर्षाच्या विजेत्यानें नव्या विजेत्यास हिरवा कोट घालावयाचा, असा तेथील प्रघात आहे. मागील वर्षाचा विजेता स्पीथच होता. त्यानें तो कोट विलेटच्या अंगावर चढविला.

पंधरा महिन्यांनीं, २३ जुलै २०१७ रोजीं, इंग्लंडांतील रॉयल बर्कडेल येथें ओपन स्पर्धेच्या शेवटच्या दिवशीं असाच प्रसंग पुन्हां आला. तीन फटक्यांची आघाडी दुपारभरांत विरघळली होती, आणि तेराव्या होलवर चेंडू उजवीकडे वाळूच्या टेकाडावरील गवतांत असा जाऊन पडला कीं तेथून तो मारणें शक्य नव्हतें. एक फटका दंड सोसून, होलाच्या रेषेंत हवें तितकें मागें जाऊन चेंडू ठेवावा, अशी नियमांत सोय आहे. स्पीथ मागें मागें जात सरावाच्या मैदानावर पोहोंचला, आणि सामानाच्या मोठ्या मोटारींशेजारून त्यानें पुढचा फटका मारला. या साऱ्या खटाटोपांत वीस मिनिटांहून अधिक वेळ गेला. त्याचा मदतनीस, म्हणजे कॅडी, मायकेल ग्रेलर हा पूर्वाश्रमींचा गणिताचा शिक्षक. आमच्या शिक्षकांच्या खोलींत या माहितीस मोठा मान आहे. तो होल पांच फटक्यांत सुटला, म्हणजे पारापेक्षां एकच अधिक. स्पीथ एका फटक्यानें मागें पडला खरा; परंतु पुढच्या चार होलांत त्यानें पारापेक्षां पांच फटके कमी घेतले आणि स्पर्धा तीन फटक्यांनीं जिंकली.

येथें कोणी म्हणेल कीं, पडला आणि उठला, कथा पुरी झाली. ती पुरी झाली नाहीं. त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ त्याला एकही विजय मिळाला नाहीं, आणि २०२१ च्या आरंभीं जागतिक यादींत तो नव्वदाच्या घरांत गेला. ४ एप्रिल २०२१ रोजीं सॅन अँटोनिओ येथें त्यानें पुन्हां स्पर्धा जिंकली. तो ईस्टरचा रविवार होता. पुढील विजय १७ एप्रिल २०२२ रोजीं हिल्टन हेड बेटावर. तोही ईस्टरचाच रविवार, आणि आदल्या दिवशीं शेवटच्या होलवर दीड फुटाचा फटका त्यानें दवडलेला! या योगायोगावरून मी कांहीं सिद्ध करूं इच्छीत नाहीं. त्यानंतर २०२५ सालापर्यंत त्याला विजय नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें त्याच्या डाव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली, आणि जानेवारी २०२५ च्या अखेरीस तो मैदानावर परतला.

अशा मनुष्याविषयीं पुढचें अनुमान कसें बांधावें? आमचे गणिताचे मास्तर म्हणतात, "भावना बाजूला ठेवा आणि सरासरी पाहा." त्यांचा आधार पक्का आहे. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनीं हजारों फेऱ्यांतील फटक्यांच्या नोंदी तपासून एक पद्धति बसविली, आणि २०११ पासून अमेरिकन गोल्फ संस्था ती वापरते. तिचें सूत्र असें: आठ फुटांवरून धंदेवाईक खेळाडूस चेंडू होलांत घालण्यास सरासरी दीड फटका लागतो. एका फटक्यांत घातला तर अर्धा कमावला. दोन लागले तर अर्धा गमावला. प्रत्येक जागेवरून असा जमाखर्च मांडला कीं कोण कोठें कमावतो तें उघड होतें. त्यांतून असें दिसलें कीं, उत्तम व साधारण खेळाडूंतील अंतरापैकीं सुमारें दोनतृतीयांश अंतर शंभर यार्डांपलीकडील फटक्यांत असतें. हिरवळीवरचे लहान फटके नजरेंत भरतात खरे, परंतु ते या आठवड्यास हसवितात आणि पुढच्यास रडवितात. त्यांवर भविष्य उभारतां येत नाहीं. आणि स्पीथची कीर्ति पुष्कळशी याच लहान फटक्यांवर, वाळूंतून व गवतांतून काढलेल्या चमत्कारांवर उभी आहे. "म्हणून," मास्तर म्हणतात, "नांव मोठें, पण किंमत बेताची."

मास्तरांचें गणित खोटें नाहीं. तें फक्त बक्षिसापर्यंत पोहोंचत नाहीं. अमेरिकेंतील बहुतेक स्पर्धांत एकंदर बक्षिसाचे अठरा टक्के विजेत्यास मिळतात, दुसऱ्यास अकराच्या आसपास, आणि दहाव्यास तीन टक्क्यांहूनही कमी. विसाव्याच्या पदरीं दीड टक्काही पडत नाहीं. मग जो दर वेळीं इमानानें विसावा येतो तो आमच्या खात्यास काय देणार? आणि जो एकदां तिसरा येतो व एकदां कटमध्येंच गळतो, तो काय देणार? बेरीज करून पाहावी. ऑगस्टा येथें स्पीथ २०१४ मध्यें दुसरा, २०१५ मध्यें पहिला, २०१६ मध्यें पुन्हां दुसरा, २०१८ मध्यें तिसरा, २०२१ मध्यें तिसरा, २०२३ मध्यें चौथा आला. आणि २०२२ व २०२४ मध्यें शनिवार उजाडण्यापूर्वींच घरीं गेला. चढउतार हा त्याच्या हिशेबांतील दोष म्हणून वजा करण्यांत येतो. मला वाटतें, आम्ही त्याला निवडतों तेव्हां तोच विकत घेत असतों.

आम्ही शिक्षक मुलांच्या प्रगतिपुस्तकांतही सरासरीचाच रकाना भरतों. पहिल्या चाचणींत तीस व दुसरींत नव्वद गुण मिळविणारा मुलगा आणि दोन्हींत साठ मिळविणारा मुलगा तेथें शेजारीं शेजारीं बसतात. मला ते दोघे कधींच एकसारखे वाटले नाहींत. पण तसा रकाना छापलेला नसतो.

हें मीं मास्तरांस सांगितलें, तेव्हां त्यांनीं बराच वेळ कागदावर आंकडेमोड केली. बक्षिसांच्या उतरंडीचा मुद्दा त्यांनीं मान्य केला. मनगटाचा मात्र केला नाहीं. शस्त्रक्रियेपूर्वींचे आंकडे तिच्यानंतरच्या हातास लागू पडतात हें कशावरून? यास माझ्यापाशीं उत्तर नाहीं. मनगट त्याचें आहे. २०२५ मध्यें ऑगस्टा येथें तो चौदावा आला, यावरून मास्तर एक अनुमान काढतात, मी दुसरें.

त्यांतच आणखी एक पेंच आहे. चार प्रमुख स्पर्धांपैकीं मेमध्यें होणारी पी. जी. ए. अजिंक्यस्पर्धा तेवढी स्पीथनें २०२५ पर्यंत जिंकलेली नाहीं. २०१५ मध्यें दुसरा व २०१९ मध्यें तिसरा, इतकाच तो तेथें जवळ गेला. चारही जिंकणारे आजवर सहाच झाले. सहावा रॉरी मॅकिलरॉय, एप्रिल २०२५ मध्यें. सातवें नांव स्पीथचें व्हावें आणि त्या आठवड्यांत तें माझ्या यादींत असावें, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. परंतु एप्रिलांत खर्चलेलें नांव मेमध्यें उरत नाहीं. आंकडे ऑगस्टाकडे बोट दाखवितात, मन मे महिन्याकडे ओढतें, आणि मास्तर म्हणतात कीं दोन्हीकडे नको, एखाद्या लहानशा स्पर्धेंत वापरून मोकळे व्हा.

तूर्त एप्रिलच्या रकान्यांत नांव लिहिलें आहे, पेन्सिलीनें. यादी शुक्रवारीं द्यावयाची आहे.